शब्दचर्चा : ख्रिस्ती मैत्रीच्या संदर्भात 'बोध', 'उत्तेजन', 'प्रोत्साहन' आणि 'धीर'

प्रश्न

आमच्या मंडळीच्या तरुण संघासाठी ख्रिस्ती मैत्रीवर एक छोटी अभ्यासपुस्तिका तयार होत आहे. एकमेकांची उमेद वाढवणाऱ्या मैत्रीसाठी कोणता शब्द वापरावा, यावर आमचे एकमत होत नाही. प्रेषितांची कृत्ये 4:36 मध्ये बर्णबा या नावाचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिला आहे, परंतु आज 'बोध' म्हटले की उपदेशच डोळ्यांपुढे येतो. इब्री लोकांस पत्राच्या 10:24 मध्ये 'उत्तेजन' आहे, आणि रोजच्या बोलण्यात 'प्रोत्साहन' रुळले आहे. जाणकारांनी या शब्दांच्या अर्थच्छटा कृपया स्पष्ट कराव्यात.

उत्तर

हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात असले, तरी देणारा आणि घेणारा यांचे नाते प्रत्येकात निराळे आहे, आणि मैत्रीविषयी लिहिताना नेमके तेच पाहिले पाहिजे.

'प्रोत्साहन' बहुधा वरून खाली येते. शासन प्रोत्साहनपर अनुदान देते, शाळा गुणवंतांना प्रोत्साहन देते, आणि या सगळ्यांत देणाऱ्याला आपली जागा सोडावी लागत नाही. पवित्र शास्त्रातला मित्र मात्र उठून दुसऱ्याच्या जागी जातो. 1 शमुवेल 23 मध्ये दावीद जीफच्या रानात लपला आहे, शौल राजा त्याच्या जिवावर उठला आहे, आणि अशा वेळी शौलाचाच मुलगा योनाथान त्या रानात त्याला भेटायला जातो. तिथले इब्री शब्द अक्षरशः घेतले तर 'त्याने देवाच्या ठायी त्याचा हात बळकट केला' असे होतात. योनाथानाने सैन्य किंवा शिधा नेल्याचा उल्लेख नाही. तो म्हणतो की भिऊ नकोस, माझ्या बापाचा हात तुझ्यापर्यंत पोहोचणार नाही, इस्राएलावर तू राज्य करशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन. ज्याच्याकडे वारशाने गादी यायची, तो राजपुत्र हे बोलतो आहे. दोघे परमेश्वरासमोर करार करतात, दावीद रानातच राहतो आणि योनाथान घरी परततो. संकट तसूभरही कमी झालेले नसते, पण ते सोसणारा आता खचलेला नसतो. मराठीत याला 'धीर देणे' म्हणतात. 1 थेस्सलनीका 5:14 मधल्या 'अल्पधीराच्या' माणसांना द्यायचा तो हाच धीर.

आता 'बोधपुत्र'. इथल्या ग्रीक शब्दाचा मूळ भाव 'जवळ बोलावणे' असा आहे, आणि त्यातूनच विनवणे, समजावणे, सांत्वन करणे हे अर्थ निघतात. मराठी भाषांतरकारांनी प्रसंग पाहून कुठे 'बोध', कुठे 'सांत्वन', कुठे 'विनंती' असे शब्द योजले. योहान 14:16 मधला 'कैवारी' हाही त्याच कुळातला, आणि माझ्या मते या साऱ्यांत तो सर्वांत भरीव शब्द आहे, कारण कैवार घेणाऱ्याला बाजू घ्यावी लागते. बर्णबाने हेच केले. यरुशलेमेतले शिष्य शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, भीत होते आणि तो शिष्य झाला आहे हे कोणी खरे मानत नव्हते, तेव्हा बर्णबाने त्याला जवळ केले, प्रेषितांपुढे नेले आणि त्याच्या वतीने सारी हकिगत सांगितली. पुढे अंत्युखियातले काम वाढल्यावर त्याला शोधायला तो स्वतः तार्सास गेला, आणि नंतर वर्षभर दोघांनी तिथल्या मंडळीत एकत्र शिकवले. अशा माणसाला आजच्या वाचकापुढे नुसते 'बोधपुत्र' म्हणून ठेवले, तर तो कोणी प्रवचनकार असावा असे वाटेल. म्हणून शास्त्रवचनात तो शब्द तसाच ठेवावा, पण त्याखाली हा प्रसंग अवश्य सांगावा.

पुरवणी उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु 'उत्तेजन' शब्दाला न्याय मिळावा म्हणून थोडे लिहितो. स्पर्धांतल्या 'उत्तेजनार्थ' बक्षिसाने तो शब्द चौथ्या क्रमांकावर नेऊन ठेवला आहे, आणि 'उत्तेजक द्रव्य' या प्रयोगाने त्याला वाईट वासही लागला आहे. मुळात मात्र तो संस्कृतातल्या 'तिज्' या धातूपासून, म्हणजे धार लावणे या अर्थापासून आला आहे. इब्री 10:24 मधला ग्रीक शब्दही 'तीक्ष्ण' या अर्थाच्या शब्दापासूनच बनलेला असल्याने इथे भाषांतर फार नेमके बसले आहे. नीतिसूत्रे 27:17 मधले 'तिखे तिख्याला पाणीदार करते' हे वचनही याच अर्थाचे आहे, कारण तिखे म्हणजे पोलाद, आणि तो शब्दही 'तीक्ष्ण' वरूनच आलेला.

विशेष म्हणजे तोच ग्रीक शब्द प्रेषितांची कृत्ये 15:39 मध्ये पौल आणि बर्णबा यांच्या तीव्र मतभेदासाठी आला आहे. सुवार्तेच्या आधीच्या प्रवासात त्यांचा सोबती योहान मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परतला होता, म्हणून त्याला पुन्हा बरोबर न्यायला पौल तयार नव्हता. बर्णबाने मार्काची बाजू सोडली नाही, तो त्याला घेऊन कुप्रास गेला, आणि दोन जिवलग सोबती वेगळे झाले. मार्काला त्या वेळी कोणी जवळ केले नसते तर पुढे काय झाले असते, हा विचार प्रत्येक मंडळीने करण्यासारखा आहे. 2 तीमथ्य 4:11 मध्ये पौलच मार्काला घेऊन येण्यास सांगतो आणि तो आपल्याला सेवेसाठी उपयोगी आहे असे लिहितो. तेव्हा मैत्रीतली धार प्रीतीकडे आणि सत्कर्मांकडे वळली तरच ती उत्तेजन ठरते, नाहीतर तिने जखम होते, ही सूक्ष्म बाब 'प्रोत्साहन' या शब्दात मावत नाही.

पुस्तिकेचे शीर्षक 'धीर देणारी मैत्री' असे ठेवावे असे मी सुचवतो. 'उत्तेजन' हा शब्द इब्री 10:24 च्या पाठापुरता ठेवून त्याचा धार लावण्याचा अर्थ तिथेच एका वाक्यात द्यावा, आणि मार्काचा प्रसंग त्याच पाठात घ्यावा.