पुणे पदवीधर मतदारसंघ: सोलापुरातून नाव नोंदणी, उमेदवारी आणि मतपत्रिकेवरचे आकडे

जुळे_सोलापूर

विधान परिषदेच्या पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक या दोन्ही जागांची मुदत ६ डिसेंबर २०२६ ला संपते. इच्छुकांच्या गाठीभेटी सुरू आहेत आणि प्रत्येकाचे कार्यकर्ते वेगवेगळं सांगतात. जाणकारांनी नेमकं सांगावं.

१) २०२० च्या यादीत नाव होतं. आता परत फॉर्म भरावा लागतो का?
२) वहिनींची बी.कॉम.ची पदवी १९९८ ची, शिवाजी विद्यापीठाची आणि माहेरच्या नावाची आहे. चालेल का?
३) "फक्त १ लिहा, पुढे काही लिहू नका, नाहीतर आपलं मत दुसऱ्याला जातं" असं एका उमेदवाराची माणसं सांगून गेली. हे खरं का?
४) ओळखीतले एक वकील अपक्ष उभं राहायचं म्हणतात. विधानसभेपेक्षा यात वेगळं काय?

उत्तर_कसबा

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो.

पदवीधरची यादी विधानसभेच्या यादीसारखी पुढे चालत नाही. प्रत्येक निवडणुकीला ती कोऱ्या पानापासून तयार होते. २०२० च्या यादीतलं नाव आता काही कामाचं नाही, विधानसभेचं मतदार कार्ड असलं तरीही नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर येऊन "मागच्या वेळी मत दिलं होतं की ओ" म्हणणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात.

फॉर्म १८ पदवीधरांसाठी, १९ शिक्षकांसाठी. या वेळचा पात्रता दिनांक १ नोव्हेंबर २०२५. त्याआधी पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत, म्हणजे निकाल १ नोव्हेंबर २०२२ च्या आतला. तारीख निकालाची धरतात, पदवीदान समारंभाची नाही. समारंभ उशिरा झाला म्हणून मागे राहू नका. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका लावा.

विद्यापीठ भारतातलं कुठलंही चालतं. सोलापूर विद्यापीठ २००४ चं, त्याआधीच्या आपल्या जिल्ह्यातल्या पदव्या शिवाजी विद्यापीठाच्याच आहेत. वहिनींची अडचण विद्यापीठाची नाही, नावाची आहे. पदवीवर एक नाव, आधारवर दुसरं, आणि मधला दुवा नसला की अर्ज नाकारला जातो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. पदवीच्या प्रतीवर साक्षांकन हवं, आणि जाताना मूळ कागद सोबत न्या, पडताळणीला बघतात.

अंतिम यादी लागली म्हणजे दार बंद झालं असं नाही. अर्ज पुढेही घेतात, पण उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत एकही नाव वाढत नाही. त्याआधी हरकतीची मुदत आणि पडताळणी जायची असते. त्यामुळे कार्यक्रम जाहीर व्हायची वाट बघितली तर हातात दिवस उरत नाहीत. तहसीलला आत्ताच जाऊन या.

आणि कृपा करून कार्यकर्त्याच्या हाती फॉर्म देऊन मोकळे होऊ नका. गठ्ठ्याने आलेले अर्ज स्वीकारायचे नाहीत असा नियम आहे. संस्थाप्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे देऊ शकतो, घरातला एक जण त्याच पत्त्यावरच्या बाकीच्यांचे देऊ शकतो, बस. पोचपावती स्वतःकडे ठेवा.

मोजणी_टेबल

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ते खरं नाही. या निवडणुकीत उमेदवारांसमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा असतो. दुसरी पसंती दिल्याने पहिलीला धक्का लागत नाही. तुमची मतपत्रिका पहिल्या पसंतीच्या उमेदवाराकडे पडून असते. तो मोजणीतून बाद झाला, तरच दुसरी पसंती उघडून बघतात. तो शेवटपर्यंत टिकला तर तुमच्या २ कडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, असा काढतात: वैध मतं भागिले दोन, बाकी सोडायची, अधिक एक. समजा वैध मतं १,००,००० आहेत, म्हणजे कोटा ५०,००१. 'अ'ला ४२,०००, 'ब'ला ३८,०००, 'क'ला २०,०००. कोणीच कोट्याला पोचलं नाही, म्हणून सर्वात कमी मतांचा 'क' बाद. त्याच्या २०,००० पत्रिकांवरची पुढची पसंती बघितली. ९,५०० वर 'ब', २,५०० वर 'अ', आणि ८,००० वर १ नंतर काहीच नाही. आता 'ब' ४७,५०० आणि 'अ' ४४,५००. आता 'अ' बाद, 'ब' एकटा उरला आणि कोटा न गाठताही निवडून आला. पहिल्या फेरीत चार हजारांनी पुढे असलेला माणूस घरी गेला.

त्या ८,००० लोकांचं काय झालं बघा. त्यांचा उमेदवार गेला आणि 'अ' की 'ब' हे ठरवताना त्यांचं मत बाजूला पडलं. कोटा मात्र खाली येत नाही, तो सुरुवातीच्या वैध मतांवरच राहतो. "फक्त १ लिहा" हा सल्ला फार तर आघाडीवरच्या उमेदवाराच्या सोयीचा असतो. ज्याला आपला माणूस पडण्याची थोडीही शंका आहे त्याने किमान ३ पर्यंत लिहावं.

२०२० मध्ये दोन्ही प्रकार बघायला मिळाले. पदवीधरमध्ये अरुण लाड पहिल्या पसंतीच्या मतांवरच कोटा ओलांडून गेले. शिक्षकमध्ये जयंत आसगावकरांचा निकाल बाद फेऱ्यांमधून लागला.

मत बाद कशाने होतं, हे घरी सगळ्यांना दाखवून ठेवा:

केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केच पेन देतात, तोच वापरायचा. खिशातला बॉलपेन काढलात की मत गेलं. बरोबरची खूण, फुली, "एक" असं अक्षरी, सही, अंगठा, यातलं काहीही नको. १ कुठेच नसेल आणि थेट २, ३ असेल तर पत्रिका बाद. १ दोघांसमोर लिहिला, तरी बाद. एकाच नावासमोर १ आणि २ दोन्ही, तरी बाद. मात्र १, २ आणि मग ३ सोडून ४ लिहिलं तर १ आणि २ धरतात, तिथून पुढचं सोडून देतात.

एक बारीक गोष्ट. मराठी १ घाईत लिहिताना वरचं वाटोळं मोठं झालं की तो ९ दिसतो, आणि स्केच पेनचं टोक जाड असल्याने हे सहज होतं. टेबलावर त्यावरून वाद होतो. मराठी, इंग्रजी किंवा रोमन कुठलेही अंक चालतात, पण एका पत्रिकेवर एकाच लिपीत लिहा, आणि मराठीत लिहिणार असाल तर शेपूट सरळ खाली ओढा. आकडा नावासमोरच्या रकान्याच्या मधोमध हवा. दोन नावांमधल्या रेघेवर चढला की तो नेमका कोणाचा हे सांगता येत नाही, आणि संशय असलेला १ धरत नाहीत.

कोर्ट_गल्ली

वकील मित्रांसाठी. वय ३० पूर्ण हवं (विधानसभेला २५). महाराष्ट्रातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. ते स्वतः पदवीधर असण्याची अट कायद्यात नाही, हे ऐकून बरेच जण चकित होतात.

सूचक, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणारे, दहा लागतात, आणि ते *पदवीधर यादीतले* लागतात. अपक्षांचे अर्ज छाननीत इथे पडतात. सूचक पदवीधर असतो, विधानसभेचा मतदार असतो, पण फॉर्म १८ भरलेलाच नसतो. किंवा पुरवणी यादीत त्याचा अनुक्रमांक वेगळा असतो आणि अर्जावर जुना लिहिलेला असतो. चार अर्जांपर्यंत भरता येतात. चारही भरा आणि प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्या. एक सूचक चुकीचा निघाला तर एकच अर्ज जातो.

निवडणूक निर्णय अधिकारी म्हणजे पुण्याचे विभागीय आयुक्त. अर्ज सोलापुरात कलेक्टर कचेरीत नाही, पुण्यात भरायचा, सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत. सोलापूरहून अडीचशे किलोमीटर आहे. शेवटच्या दिवशी सकाळी निघण्याचा विचार करू नका. काही राहिलं तर परत येऊन आणायला वेळ नसतो. विधानसभेच्या यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत तहसीलमधून आधीच काढून न्या. ती अर्जासोबत द्यावी लागते, फार तर छाननीच्या वेळी.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला ५,०००. नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र नोटरी करून घ्या. त्यात एकही रकाना कोरा नको. जिथे काही नाही तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. अर्ज दिल्यावर तिथेच शपथ घ्या आणि तिचा दाखला मागून घ्या. शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच चालते. छाननीच्या सकाळी घेतलेली शपथ उपयोगाची नाही.

प्रचारात दोन फरक मोठे आहेत. मतपत्रिकेवर चिन्ह नसतं, म्हणून नाव आणि अनुक्रमांक लोकांच्या डोक्यात बसवावा लागतो. आणि खर्चाला कमाल मर्यादा नाही. विधानसभेला महाराष्ट्रात ती ४० लाख आहे, इथे काहीच नाही. मला ही गोष्ट मनापासून खटकते. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे, ५८ विधानसभा मतदारसंघांचा पसारा. पैशाने हे अंतर कापणाऱ्याशी अपक्ष बरोबरी करू शकतो ती फक्त नोंदणीच्या टप्प्यावर. बार असोसिएशन, कॉलेजं, बँकांच्या शाखा इथून फॉर्म १८ भरवून घेतलेला उमेदवार मतदानाच्या आधीच अर्धं काम करून बसतो.

माध्यमिक_सर

शिक्षक मतदारसंघाबद्दल दोन ओळी, कारण गोंधळ फार आहे. मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत पूर्णवेळ शिकवलेलं हवं. झेडपीच्या प्राथमिक शाळेतले शिक्षक यात बसत नाहीत. पण ते पदवीधर असतील तर फॉर्म १८ त्यांचाच आहे, तो भरत नाहीत हे वाईट. तासिका तत्त्वावरचे फॉर्म १९ मध्ये बसत नाहीत. पात्र माध्यमिक शिक्षक दोन्ही याद्यांत असू शकतो, त्याला दोन वेगळे अर्ज करावे लागतात.

पत्त्याचंही बघा. नोकरी कुठे आहे हे बघत नाहीत, राहतो कुठे ते बघतात. तुळजापुरात राहून रोज सोलापूरला येणारा पदवीधर आपल्या मतदारसंघात येत नाही, तो मराठवाड्यातल्या औरंगाबाद पदवीधरमध्ये जातो. बार्शी मात्र आपल्यातच. लोकसभेला बार्शी धाराशिवकडे जाते म्हणून तिथले लोक चुकतात.

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे आभार. वहिनींचा विवाह दाखला महापालिकेतून काढायला टाकतो. एकच राहिलं: पुण्यात किंवा पिंपरीत नोकरीला असलेल्या पोरांनी सोलापूरच्या पत्त्यावर भरायचं की तिकडच्या?

उत्तर_कसबा

पुणे जिल्हाही याच मतदारसंघात, त्यामुळे मत दोन्हीकडून एकाच जागेला जातं. सध्या जिथे राहतात तिथला पत्ता द्यावा. मतदान केंद्र त्या पत्त्यावरून मिळतं आणि कामाच्या दिवशी सोलापूर गाठावं लागत नाही. भाड्याच्या घरात असतील तर नोंदणीकृत भाडेकरार रहिवासाला जोडावा. दोन्हीकडे भरू नका, दुबार नाव म्हणून हरकत आली तर दोन्ही अर्ज अडकतात. हैदराबाद, बेंगळुरूला स्थायिक झालेल्यांना मात्र यात जागा नाही.

मोजणी_टेबल

त्या पोरांना आणखी एक सांगा. केंद्रावर ओळखपत्रासोबत यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून न्यावा. पदवीधरची केंद्रं कमी असतात आणि विधानसभेचं नेहमीचं केंद्र असेलच असं नाही. आदल्या दिवशी बघून ठेवलं नाही तर एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरावं लागतं.