मदत हवी आहे: जुन्या मोटरहोमच्या वीज-पॅनलवर विश्वास किती ठेवायचा?

मंडळी, नमस्कार. आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. गेल्या वर्षाअखेरीस एक जुनी मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतली. 2002 सालची, फियाट डुकाटोवर बांधलेली, 2.8 जेटीडी इंजिन. इंजिन ठणठणीत आहे, टीयूव्ही (इथली गाडीची सक्तीची तपासणी) झालंय, गॅसची तपासणीही झाली. घोडं अडलंय ते दारावरच्या वीज-पॅनलपाशी. गाडीबरोबर पुस्तिका मिळाली नाही. आधीच्या मालकाने अधूनमधून स्वतःच्या वायरी ओढल्यात आणि कुठे काय केलंय त्याची नोंद ठेवलेली नाही.

उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून येताहेत. त्यांना बोडेनसे तलावाच्या काठाने आणि ब्लॅक फॉरेस्टमधून निवांत फिरवायचंय. आई इन्सुलिन घेते, त्यामुळे फ्रिज रात्री बंद पडून चालणार नाही. म्हणून जे काही आहे ते आत्ताच नीट समजून घ्यायचंय. गाडी कुणाच्या तरी हवाली करून 'करा दुरुस्त' म्हणणं मला नको आहे. डोंगरात रात्री दिवे गेले तर मलाच बघावं लागणार.

आत्तापर्यंत जे कळलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. गाडीत बॅटऱ्या दोन: इंजिनाची वेगळी, घराची वेगळी. घराची 80 अँपिअर-तासांची एजीएम (लेड-अ‍ॅसिडचाच एक बंदिस्त प्रकार) आहे, आधीच्या मालकाने बसवलेली. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा तिच्यावर चालतात. कपाटाच्या तळाशी शाउट कंपनीचा 'इलेक्ट्रोब्लॉक ईबीएल 99' हा डबा (थोडक्यात ब्लॉक) आहे. चार्जर, फ्यूज, दोन बॅटऱ्या जोडणारा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), फ्रिजचा रिले, सगळं त्यातच. दारावरचं पॅनल त्याला बारीक वायरींच्या केबलने जोडलेलं आहे. पॅनलवर 12 व्होल्टचं मुख्य बटण, पंपाचं बटण, बॅटरीचं व्होल्टेज (घराच्या चित्रावर घरची, गाडीच्या चित्रावर इंजिनाची), स्वच्छ आणि सांडपाण्याच्या टाक्यांची पातळी, आणि बाहेरची 230 व्होल्ट वीज आली की लागणारा हिरवा दिवा.

आता अडचणी.

कॅम्पिंगच्या जागी निळ्या प्लगने वीज जोडली की हिरवा दिवा लागतो, पॅनल 13.8 दाखवतं. वीज काढल्यावर 12.7. म्हणजे बॅटरी भरलेली, असं मी धरलं. पण संध्याकाळी चार हॅलोजन आणि हीटर लावला की आकडा भराभर घसरतो, आणि रात्रीत कधीतरी सगळं एकदम बंद. पॅनलही काळंठिक्कर. सकाळी गाडीखाली पाण्याचं थारोळं, बॉयलर रिकामा. वीज जोडली तरी आपोआप काही सुरू होत नाही, मुख्य बटण पुन्हा दाबावं लागतं. हे पाणी का जातं ते मला अजिबात उमगलेलं नाही.

दुसरं, गाडी चालू असताना फ्रिज 12 व्होल्टवर ठेवला तर पुरेसा गार होत नाही. गॅसवर आणि 230 वर छान चालतो.

तिसरं, सांडपाण्याची टाकी रिकामी केली तरी 'भरली' असंच दाखवते.

मल्टिमीटर आहे आणि वापरता येतो. नवी बॅटरी घ्यायची तयारी आहे, पण ती घेऊनही तेच झालं तर? कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद

तुमचं वर्णन इतकं नेटकं आहे की अर्धं काम झालंच आहे. बॅटरी विकत घ्यायला धावू नका.

आधी पाण्याबद्दल. तुमच्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत बॉयलरला विजेवर चालणारा ड्रेन व्हॉल्व्ह असतो. थंडीत बॉयलर गोठून फुटू नये म्हणून तो बसवतात. वीज असेपर्यंत बंद राहतो, वीज गेली की उघडतो आणि बॉयलर रिकामा करतो. म्हणजे तो नीट काम करतोय. वीज का गेली ते शोधलं की पाणीही थांबेल.

वीज जाण्याचं कारण ब्लॉकमधला बॅटरी-रक्षक. व्होल्टेज साधारण 10.5 च्या खाली गेलं की तो घराचा सगळा पुरवठा तोडतो. नाहीतर बॅटरी पार निचरून कायमची खराब होईल. तो पुन्हा सुरू करायला मुख्य बटण दाबावं लागतं, तेही ठरल्याप्रमाणेच.

आता मुख्य मुद्दा. पॅनल बॅटरी मोजत नाही. ब्लॉकपर्यंत जे व्होल्टेज पोचतं तेवढंच ते दाखवतं. बॅटरी ते ब्लॉक या वाटेवर जाड वायर, मोठा फ्यूज आणि दोन-तीन जोड असतात. बावीस-तेवीस वर्षांत त्यातला एखादा जोड हिरवा पडला, सैल झाला, तर बॅटरीत 12.3 असताना ब्लॉकला 10.5 च दिसू शकतात आणि तो इमानदारीने सगळं बंद करतो. वीज कमी ओढली जात असेल तर हा फरक दिसतच नाही. म्हणून दिवसा 12.7 आणि रात्री अंधार.

करून बघा: बाहेरची वीज काढा, सगळे दिवे आणि हीटर लावा. मल्टिमीटरचा लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळा टोक ब्लॉकला येणाऱ्या प्लसवर. इतकी वीज वाहत असताना तिथे 0.2 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. त्याहून बरंच जास्त आलं तर वाटेत अडथळा आहे. मग लाल टोक बॅटरीवरच ठेवून काळा टोक बॅटरीपासून एकेका जोडावरून पुढे सरकवत जा, जिथे आकडा उडी मारेल तो जोड खराब. मायनसची वाटही अशीच तपासा, तिला लोक विसरतात.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची. ब्लॉकचं झाकण उघडायच्या आधी 230 चा प्लग गाडीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. छतावर सोलर असेल तर बॅटरी सोडवण्याआधी सोलर पॅनलची वायर सोडवा, जोडताना उलट क्रम.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. बॅटरी तपासायची साधी रीत सांगतो. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखंच आहे हे: चार्जर काढल्या काढल्या दिसणारा आकडा फसवा असतो. पूर्ण चार्ज करा, काही तास तशीच राहू द्या, मग मोजा. 12.7 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ संपलेली. मग 60 वॉटचे दिवे लावा, म्हणजे 5 अँपिअर. चार तासांत 20 अँपिअर-तास जातात, 80 च्या बॅटरीचा चौथा भाग. त्यानंतर दिवे बंद करून थोड्या वेळाने बॅटरीच्या टर्मिनलवरच मोजा. 12.3 च्या वर राहिली तर बॅटरी चांगली. तासाभरातच 11 वर आली तर ती गेली.

फ्रिजचं: असा गॅस, 230 आणि 12 व्होल्ट अशा तीन तऱ्हांनी चालणारा शोषण-फ्रिज (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) 12 व्होल्टवर साधारण 10 अँपिअर ओढतो, म्हणून इंजिन चालू असतानाच त्याला ही वीज मिळते. अल्टरनेटरची डी प्लस ही खुणेची वायर ब्लॉकला 'इंजिन चालू आहे' असं कळवते आणि रिले बसतो. पण 12 व्होल्टवर तो गार असलेलं गार ठेवतो, गरम फ्रिजला थंड करत नाही. निघायच्या आदल्या रात्री 230 वर किंवा गॅसवर थंड करा. इन्सुलिनसाठी आत थर्मामीटर ठेवा, 2 ते 8 अंश हवं. मागच्या थंड धातूच्या पात्यांना लागून ठेवू नका, तिथे गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. गाडी उभी करताना सपाट जागा बघा, तिरकी असली तर असा फ्रिज नीट चालत नाही.

टाकीचं सोपं आहे. टाकीत धातूच्या काड्या असतात, पाण्यातून त्यांच्यामध्ये वीज वाहिली की पातळी कळते. सांडपाण्यात चिकट तेलकट थर बसतो आणि तोच वीज वाहून नेतो. गरम पाणी आणि भांड्याचा साबण घालून गाडी चालवा, मग रिकामी करा. पातळीचं बटण गरजेपुरतंच दाबा. सतत वीज वाहिली की काड्यांवर थर जमतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे भार टाकून मोजलं. बॅटरीच्या टर्मिनलवर 12.4, त्याच क्षणी पॅनलवर 11.1. प्लसच्या वाटेवर जवळजवळ सगळा फरक बॅटरीजवळच्या मोठ्या फ्यूजच्या होल्डरमध्ये सापडला. त्याची एक बाजू हिरवी आणि किंचित वितळलेली होती. होल्डर आणि फ्यूज दोन्ही नवे बसवले, रिंग-टर्मिनल घट्ट दाबून घेतली. आता तेवढ्याच भाराला बॅटरीवर 12.4 आणि पॅनलवर 12.2. दिवे, हीटर सकाळपर्यंत चालले आणि बॉयलरमध्ये पाणी होतं. मला खरंच खूप आनंद झालाय.

चार्जिंगही बदललं. आधी पॅनलवर 13.8 दिसत असताना बॅटरीवर त्याहून कमी पोचत होतं हे आता कळतंय. चार तासांची चाचणी बॅटरीने पार केली, म्हणजे नवी घ्यायची गरज नाही.

आणखी एक विचारते. ब्लॉकवर जेल आणि लेड-अ‍ॅसिड असा बारीक स्विच आहे, एजीएमचं नाव नाही. तो सध्या लेड-अ‍ॅसिडवर आहे. कुठे ठेवू?

प्रतिसाद

छान काम केलंत. त्या होल्डरचा फोटो इथे लावा, अशाच गाड्यांवाल्यांना उपयोगी पडेल.

स्विचबद्दल आधी बॅटरीवर छापलेलं चार्जिंग व्होल्टेज वाचा, अंतिम शब्द तोच. साधारणपणे स्विच जेलच्या बाजूला असला की ब्लॉक चार्जिंगचं वरच्या पातळीचं व्होल्टेज जास्त वेळ धरून ठेवतो आणि अशा जुन्या चार्जरवर एजीएमला तेच बरं पडतं. स्विच हलवताना 230 चा प्लग काढलेला असू द्या. पुढे कधी लिथियम बसवायचा विचार केलात तर मात्र हा चार्जर आहे तसा चालवू नका, त्याआधी इथे विचारा.