विनोद कुणावर चाललाय तेही बघा

'विनोदवीराला कसलंच बंधन नको' असं एक मत ऐकू येतं, ते मला अर्धंच पटतं. विनोदासाठी अटक किंवा तोडफोड नको, इथवर पूर्ण पटतं. स्टँड-अप विनोदवीर मुनव्वर फारुकीला १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये पकडलं. जामिनासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि तोवर महिन्याहून जास्त काळ तुरुंगात गेला. मार्च २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामराच्या विडंबन गाण्यावरून मुंबईत खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला. याचं समर्थन होऊच शकत नाही.

पण २०१६ मध्ये अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी एका टीव्ही शोमधून उठून गेली, तेही आठवा. सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी आलेल्या बाईच्या सावळ्या रंगावरच विनोद सुरू झाले होते. तिने जाहीर निषेध केला, वाहिनीने माफी मागितली. पोलीस नाहीत, कोर्ट नाही. हाच मार्ग मला योग्य वाटतो.

माझा धाकटा भाऊ अडखळत बोलतो. शाळेच्या गॅदरिंगला एका पोराने स्टेजवर 'प-प-पाणी' करत त्याची नक्कल केली. अख्खा हॉल हसला, भाऊही हसला. घरी येईपर्यंत मात्र तो एक शब्द बोलला नाही. पुढे कित्येक दिवस वाण्याकडे जाताना तो चिठ्ठी लिहून न्यायचा.

आपला सोंगाड्या राजाची, पाटलाची, सावकाराची टर उडवत आला (बायकांवरचे टोमणेही तमाशात भरपूर, ते नाकारत नाही). सत्तेवर कुणी कितीही तिखट बोलो, मी तिकीट काढून जाईन. अडखळणाऱ्या पोरावर हशा मिळवणाऱ्याच्या कार्यक्रमातून मात्र उठून येईन, आणि का उठलो ते त्याला सांगेनही.