शब्दचर्चा : जहाजात घुसले, म्हणजे हल्ला की चढाई?

प्रश्न, सातारा

आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे त्यांचं वाचन बंद. रात्री जेवणं उरकली की मीच त्यांना वाचून दाखवतो. सध्या एका लांबलचक इंग्रजी विज्ञानकथा-मालिकेचा अकरावा भाग चालू आहे. आधीचे दहा भाग चहा उकळेपर्यंत सांगून झाले. या जातीच्या पुस्तकांत मागच्यावाचून फारसं अडत नाही, पहिल्या पानापासून धुमश्चक्री. मी पानावरचं इंग्रजी बघतो आणि तोंडानं मराठी करत जातो.

परवा एका प्रकरणात मी ‘हल्ला केला’ इतक्या वेळा म्हणालो की आबा उठूनच बसले. “आरं, हल्ला हल्ला काय लावलंयस? रातचं गुपचूप गेली ती बी हल्ला, आन् समदी पलटण तुटून पडली ती बी हल्ला?” आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. पुढं काय बोलणार!

प्रसंग तीन आहेत. चार छोटी यानं शत्रूचा इंधनसाठा पेटवून पसार होतात. मग एक तुकडी शत्रूच्या जहाजाला भोक पाडून आत घुसते, आणि ऑक्सिजन जेमतेम वीस मिनिटांचा. शेवटी सगळं आरमार एका ग्रहावर कोसळतं. या तिन्हींना वेगवेगळे शब्द हवेत.

उत्तर, वाई

पहिला प्रसंग ‘छापा’, यात वादच नको. 1663 साली लाल महालात शायिस्तेखानावर घातला तो छापा. अचानक जायचं, कार्यभाग उरकायचा, निघायचं. मुक्काम केला की तो छापा राहत नाही. ‘धाड’ त्याच्या जवळची, पण तिच्यात लूट आली. शिवाय हल्ली धाड म्हटलं की आयकरवालेच डोळ्यांपुढं येतात.

तिसऱ्यासाठी ‘सुलतानढवा’ घ्या. वेढा देऊन बसलेल्या फौजेनं चहूकडून एकदम निकरानं तुटून पडणं, असा त्याचा अर्थ. आणि सातारकरांनी ‘सुरुंग’ विसरू नये. मुळात सुरुंग म्हणजे भुयार, दारू त्यात नंतर भरली. 1700 साली औरंगजेबाच्या लोकांनी अजिंक्यताऱ्याखाली सुरुंग उडवले, तेव्हा दुसऱ्या सुरुंगानं तट बाहेरच्या बाजूला, खुद्द मोगलांच्याच अंगावर कोसळला. तुमच्या पुस्तकात जहाजाला भोक पाडतात, तिथं चालेल.

उत्तर, कराड

‘एल्गार’ किंवा ‘मुसंडी’ का नको? ऐकायला जोरकस आहेत.

उत्तर, वाई

मुसंडी म्हणजे डोकं खाली घालून बैलासारखं घुसणं. शब्द झकास, पण निकालाच्या दिवशी प्रत्येक उमेदवार मारून मारून तो बोथट झालाय. एल्गार मोर्चेवाल्यांनी नेला. आणि मोर्चा तरी काय, तोफा लावायची जागा होती ती! आता घोषणा देत कचेरीवर जातो. ‘आघाडी’ म्हटल्यावर तर फौज आठवतच नाही.

उत्तर, मिरज

दुसऱ्या प्रसंगाला ‘चढाई’च. जहाजावर चढतात म्हणून नव्हे, कबड्डीमुळे. आमच्याकडं तालमीशेजारच्या मैदानावर संध्याकाळी बघा. गडी एकटा समोरच्यांच्या अंगणात घुसतो, तोंडानं कबड्डी कबड्डी चालू, दम तुटला की बाद. आता 30 सेकंदांचं घड्याळ लावतात, पण मूळ हिशेब श्वासाचाच. वीस मिनिटांच्या हवेवर परक्या जहाजात शिरणं याहून वेगळं काय? आणि आत कुणी धरलं तर ‘पकड’ आयतीच आहे.

प्रश्नकर्ता, सातारा

काल तिन्ही शब्द वापरून बघितले.

छापा बिनतक्रार गेला. सुलतानढवा म्हणालो तर आबा म्हणाले, “ह्यो कुठला सुलतान?” तो मुसलमान राजा की ग्रहावरचा कुणी, हे समजावण्यात लढाई थंड झाली. कागदावर ठीक असेल, पण वाचून दाखवताना ‘चौफेर तुटून पडले’ बरं पडतं.

चढाईला त्यांनी आधी हरकत घेतली, “वर-खाली कुठं हाय तिथं, चढायला?” मग मिरजकरांची कबड्डी सांगितली, तेव्हा जरा गप्प बसले. आबा स्वतः हुतुतू खेळलेले. पुढची दोन पानं त्यांनी श्वास मोजतच ऐकली. एक जवान परत फिरताना धरला गेला, तर मी वाचायच्या आत म्हणाले, “पाय धरला आसंल, मागनं.” पुस्तकातही पायच धरला होता.

पलटण मात्र मी बदलणार नाही. शब्द इंग्रजीतूनच आलाय, पण आबांच्या तोंडी तो ‘माझं घर’ म्हटल्यासारखा येतो.

एकच अडलं. दोन दारांमधली ती छोटी खोली, एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, ती एअरलॉक. मी ‘हवाकक्ष’ म्हणालो, ते मलाच रुचलं नाही. आबांनी विचारलं कशी असते, मी सांगितलं. म्हणाले, “म्हंजी देवडीच की.”

उत्तर, वाई

देवडी म्हणजे दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांना बसायची जागा. तिला दोन दारं नसतात हो.

प्रश्नकर्ता, सातारा

सांगितलं त्यांना. म्हणाले, “मग तिथं पहारा न्हाई व्हय?” पुस्तकात आहे. दोघं बसलेत, आत पत्ते खेळत. आता शेवटपर्यंत देवडीच चालणार.