फेब्रुवारीत मॉरिशस: पावसाची चौकशी आणि वाऱ्याची

प्रेषक: रावेरकर (रजेवर, मुक्काम रावेर)
विषय: फेब्रुवारीत मॉरिशसला जावे का?

मंडळातील सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

मस्कतहून महिनाभराच्या रजेवर गावी आलो आहे. आई-दादांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षे होत आहेत आणि त्यानिमित्त फेब्रुवारीत दोघांना मॉरिशसला न्यावे, असे आम्हा भावंडांनी ठरवले आहे. मात्र जळगावला एका ठिकाणी चौकशी केली असता, “ऐन पावसाळ्यात तिकडे कशाला जाता, ऑक्टोबरात जा,” असा सल्ला मिळाला. ऑक्टोबरात मला रजा मिळणे शक्य नाही.

दादांचा प्रश्न तर वेगळाच आहे. चाळीस वर्षांत पावसामुळे त्यांची केळीची बाग कधी गेली नाही. जी दोनदा आडवी झाली ती वाऱ्याने, तीही घड निसवलेले असताना. त्यामुळे “पाऊस राहू दे, तिथे वारा कसा असतो ते विचार,” एवढेच ते म्हणाले. अमळनेरच्या नानांनी त्या बेटावर अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून त्यांच्याकडून मार्गदर्शनाची विशेष अपेक्षा आहे.

आपला,
रावेरकर

प्रेषक: नाना (अमळनेर)
विषय: पुन्हा: फेब्रुवारीत मॉरिशसला जावे का?

प्रिय रावेरकर,

ठिबक सिंचनाच्या कामानिमित्त मी तिथे अकरा पावसाळे काढले. त्या अनुभवावरून सांगतो की, तुमच्या दादांनी जो प्रश्न विचारला तोच योग्य प्रश्न आहे. जानेवारी ते मार्च हे तिथले उन्हाळ्याचे आणि सर्वाधिक पावसाचेही महिने असतात हे खरे. पण तो पाऊस आपल्या श्रावणातल्या झडीसारखा दिवसेंदिवस लागून राहत नाही. बहुतेक वेळा सकाळी लख्ख ऊन असते, दुपारनंतर ढग भरून येतात, तासभर धो-धो कोसळतात आणि संध्याकाळी पुन्हा रस्ते वाळू लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘मॉरिशसचा पाऊस’ असे सरसकट काही नसतेच. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. पण तेवढ्या जागेत सह्याद्रीची ओली बाजू आणि खान्देश अशी दोन्ही हवामाने नांदतात. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरचे बाष्प घेऊन मधल्या पठारावर चढतात आणि तिथेच मोकळे होतात. पठाराच्या सर्वांत ओल्या भागात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर तो ९०० च्या आसपास असतो. जळगावला सरासरी ७०० च्या आसपास पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे पश्चिमेकडील फ्लिक-आँ-फ्लाक किंवा ल मॉर्न हा भाग आपल्यासारखाच पर्जन्यछायेतला आहे, हे ध्यानात येईल. म्हणून मुक्काम पश्चिमेला करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विमानतळ आग्नेय टोकाला असल्यामुळे उतरल्यावर तासाभराचा प्रवास करावा लागेल, पण तो सोसण्यासारखा आहे. उन्हाळी मेघगर्जनेचा पाऊस मात्र दिशा पाहून पडत नाही, एवढी सावधगिरीची सूचना जोडून ठेवतो.

आता वाऱ्याविषयी. तिथला चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत धरतात आणि जानेवारी-फेब्रुवारी हे त्यातले जोखमीचे महिने असतात. वादळाचे केंद्र बेटावरूनच जाणे ही गोष्ट क्वचित घडते, पण जेव्हा घडते तेव्हा ती पिढ्यान् पिढ्या लक्षात राहते. फेब्रुवारी १९६० मधल्या ‘कॅरोल’ने लाकडी आणि पत्र्याची घरे इतकी उद्ध्वस्त केली की त्यानंतर लोक काँक्रीटच्या सपाट छतांकडे वळले. (आपल्याकडची धाब्याची घरे आणि तिथली ही घरे लांबून सारखीच दिसतात, आपली उन्हासाठी, त्यांची वाऱ्यासाठी.) फेब्रुवारी १९७५ मध्ये आलेल्या ‘जर्वेज’ची आठवण माझ्या घरमालकांकडून मी दर वर्षी ऐकत असे. अलीकडे १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’मुळे राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला.

तिथल्या हवामान खात्याचे इशारे एक ते चार अशा वर्गांत दिले जातात आणि ते सर्वांना तोंडपाठ असतात. पहिला वर्ग लागला की लोक पाव, मेणबत्त्या आणि पाणी भरून ठेवतात. तिसऱ्या वर्गात सगळे घरात थांबतात. चौथा लागतो तेव्हा ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष नोंदले गेलेले असतात. वादळ दोन-तीन दिवस आधी कळते, त्यामुळे खरा धोका जिवापेक्षा वेळापत्रकाला अधिक असतो. न सांगता येणाऱ्या पावसाला मात्र जपावे. ३० मार्च २०१३ रोजी कोणतेही वादळ नसताना पोर्ट लुईत अचानक पूर आला आणि त्यात ११ माणसे दगावली. मुसळधार पाऊस सुरू झाला की भुयारी मार्गात आणि नदीपात्रात पाऊल टाकू नये.

आणि एक गंमत सांगतो. दूरवरून जाणारे वादळ तिथल्या माणसाला हवेच असते, कारण पठारावरचा ‘मार-ओ-वाक्वा’ हा सर्वांत मोठा जलाशय त्याच्याच पावसाने भरतो. आपण ऑगस्टात ‘गिरणा धरण किती भरले’ म्हणून विचारतो, तसेच तेही फेब्रुवारीत विचारतात.

पाहायचे काय, याची यादी देत नाही. ती कुठेही मिळेल. एवढेच सांगतो की शामारेलचा धबधबा उन्हाळी पावसातच पाहण्यासारखा असतो आणि जूनपासून ऊसतोड सुरू होत असल्यामुळे फेब्रुवारीत सगळे बेट उभ्या उसाने हिरवेगार असते. हा ऊस वाऱ्यात लवतो आणि बराचसा पुन्हा सावरतो. तिथे केळीचे नव्हे, उसाचे राज्य का, ते दादांना पाहताक्षणी उमगेल. महाशिवरात्रीच्या सुमारास गेलात तर पठारावरच्या गंगा तलावाकडे पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर कावडी घेऊन पायी निघालेले हजारो भाविक दिसतील. ते बहुधा भिजत चालतात, आणि त्याचे त्यांना काही वाटत नाही.

आपला,
नाना

प्रेषक: धुळ्याच्या वहिनी (मस्कत)
विषय: पुन्हा: फेब्रुवारीत मॉरिशसला जावे का?

नानांनी वेळापत्रकाचा उल्लेख ओझरता केला, परंतु मला त्यावरच लिहायचे आहे. आम्ही दोन लहान मुलांसह गेलो होतो आणि पाचव्या दिवशी तिसऱ्या वर्गाचा इशारा लागला. हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी काचांना फळ्या ठोकल्या आणि आम्ही दीड दिवस खोलीत बसलो. मुलांनी धुळ्याहून आणलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड) संपवल्या आणि पत्त्यांचे सर्व डाव खेळून झाले. वादळ लांबून निघून गेले, पण आमचे विमान दोन दिवस उशिरा सुटले. त्या दोन रात्रींचे भाडे, पुढच्या विमानाचे बुडालेले तिकीट आणि रद्द झालेल्या बोटीच्या सहलीचे पैसे यांपैकी काहीही परत मिळाले नाही. आमच्या एजंटाने प्रवास विमा काढलाच नव्हता आणि आम्हीही विचारले नव्हते. म्हणून विमा काढताना त्यात हवामानामुळे होणारा विलंब समाविष्ट आहे की नाही, हे वाचून घ्यावे, आणि परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे असेल तर जाऊच नये.

समुद्राबद्दलही एक सांगते. मोठा पाऊस झाला की नद्यांच्या मुखाजवळचे पाणी दोन-तीन दिवस गढूळ राहते, त्यामुळे पोवळी पाहण्याची सहल पहिल्या कोरड्या दिवशीच उरकून घ्यावी, शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये. डासांचे मलमही विसरू नका. २००५-०६ मध्ये तिथे चिकुनगुन्याची मोठी साथ येऊन गेलेली आहे.

प्रेषक: रावेरकर
विषय: पुन्हा: फेब्रुवारीत मॉरिशसला जावे का?

आदरणीय नाना आणि वहिनी,

आपली दोन्ही पत्रे काल रात्री ओसरीवर बसून दादांना वाचून दाखवली. विम्याचा आणि परतीनंतर दोन दिवस मोकळे ठेवण्याचा सल्ला त्यांना पूर्णपणे पटला. वाऱ्याची माहिती ऐकून झाल्यावर, “दोन दिवस आधी कळतं म्हणजे पुष्कळ झालं, आपल्याला तर दोन तास आधीही कळत नाही,” असे म्हणाले. त्यामुळे जायचे निश्चित झाले आहे.

पश्चिम किनाऱ्यावर राहण्याचा आपला सल्ला मात्र त्यांनी साफ नाकारला. “पर्जन्यछायेत सत्तर वर्षं काढली. आता विमानात बसून दुसऱ्या पर्जन्यछायेत जाऊन राहू होय?” हे त्यांचे शब्द आहेत. आईचेही तेच मत पडले. दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभरा काढणीला आलेला असताना माणसे आभाळाकडे पाहून पाऊस नको म्हणतात. त्याच दिवसांत निवांत बसून पडता पाऊस पाहायचा, ही कल्पना तिला फार आवडली आहे.

त्यामुळे आता असे ठरले आहे की पाच रात्री फ्लिक-आँ-फ्लाकला आणि तीन रात्री पठारावर क्युरपीपला राहायचे. ऑक्टोबर २०२२ पासून पोर्ट लुई ते क्युरपीप अशी मेट्रो धावते असे वाचले. उन्हात बसून धुक्यात उतरण्याचा तो प्रवास दादांना घडवायचा आहे.

नानांना दोन प्रश्न आहेत. क्युरपीपला फेब्रुवारीत आईला स्वेटर लागेल का? आणि जिथे खिडकीतून किंवा ओट्यावरून पाऊस नीट दिसेल, असे एखादे साधे घरगुती निवासस्थान आपल्या माहितीत आहे का? दादांनी तिथून केळीचा एखादा कंद आणण्याचा विषय काढला होता. परवान्याशिवाय बेणे आणता येत नाही, हे मी त्यांना सांगितले आहे, तरी आपणही एकदा फोनवर सांगावे. माझे ऐकतील याची खात्री नाही.

आपला,
रावेरकर