बाण सोडला की दोरी फार वाजते

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमच्या शेतात सराव करतो. लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य), लांबी ६२ इंच, ओढायला ४० पौंड जोर, वडिलांच्या वेळचं. गेल्या महिन्यात डॅक्रॉनची दोरी काढून डायनीमाची लावली (दोन्ही कृत्रिम धागेच). बाण झक्कास सुटतोय, पण आवाज असा की गोठ्यातली म्हैस दावं ओढते. जुनी दोरी परत लावू का?

उत्तर : होय, लावा. डायनीमा जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळं सगळा हिसका धनुष्याच्या टोकांवर येतो. जुन्या धनुष्याची टोकं त्यासाठी मजबूत केलेली नसतात, चिरतात. वडिलांची वस्तू आहे, जपा. डॅक्रॉन थोडी ताणून हिसका पचवते, म्हणून आवाजही मऊ. ४० पौंडांना १४ पदर पुरतात. वेग जरासा कमी होईल, होऊ दे.

उत्तर : दोरी बदलली तरी आवाज दाबायला दोरीला गोंडे बांधाच. मी घोंगडीवाल्या धनगरांकडून लोकरीचं सूत आणलं आणि दोन्ही टोकांपासून साधारण चौथ्या हिश्शावर पदरांत अडकवलं. लई फरक पडला! फक्त आपल्याकडच्या पावसात लोकर भिजून जड होते, बाण खाली पडतो. जून ते सप्टेंबर मी रबराचे लावतो. आणि दोरीला पीळ देऊन ती मुठीपासून किती लांब राहते ते मोजा. साडेसात इंचांपासून सुरू करून थोडं थोडं वाढवा, आवाज कुठं बसतो ते कानाला कळतं. बाण फार हलके नाहीत ना? त्यानंही आवाज वाढतो.

प्रश्नकर्ता : हलकेच आहेत, दादा. उद्या जड बाण आणि डॅक्रॉन, दोन्ही लावून बघतो.