टोरेस देल पाइने: लॉजमध्ये राहून फ्रेंच व्हॅलीचा दिवस आईला झेपेल का?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, जानेवारीत मी आणि आई चिलेला जायचं म्हणतोय, पॅटागोनियातल्या टोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानातला डब्ल्यू ट्रेक. आई साठीची आहे पण दर रविवारी सिंहगड चढते, पायांची काळजी नाही, फक्त तंबू नको म्हणते म्हणून सगळीकडे रेफुजिओतले (वाटेवरचे लॉज) बंक घेणार आहोत. अडलंय एका दिवसावर. पेहोए तलावाकाठच्या पाइने ग्रांदे लॉजहून निघायचं, फ्रेंच व्हॅलीत वर जाऊन यायचं आणि संध्याकाळी नॉर्डेनशोल्ड तलावाकाठी कुएर्नोसला मुक्काम. व्हॅलीत वरच्या ब्रिटानिको पॉइंटपर्यंत गेलो तर बेरीज 24 किमी होते. कुणी केलंय का? आणि आई शाकाहारी आहे, जेवणाचं काय?

रानवारा:
केलंय, आणि पूर्ण ट्रेकमधला माझा सगळ्यात आवडता दिवस तोच. पाइने ग्रांदे ते इतालियानो साडेसात किमी, वाट सोपी, बाजूला स्कॉट्सबर्ग तलाव आणि 2011 च्या वणव्यात जळालेल्या झाडांचे पांढरे सांगाडे दिसतात, बघून जीव तुटतो (म्हणून तिथे उघड्यावर चूल, शेकोटी काहीही पेटवायचं नाही, नियम फार कडक आहे). झुलता पूल ओलांडला की इतालियानो, तिथे रेंजरच्या चौकीजवळ सगळे सॅक ठेवतात आणि पाणी, जॅकेट, खाऊ एवढंच घेऊन वर जातात, त्यामुळे चढ पाठीवर ओझं घेऊन करावा लागत नाही. 2 किमीवर मिरादोर फ्रान्सेस (फ्रान्सेस पॉइंट) येतो. समोर पाइने ग्रांदे शिखराचा कडा आणि त्याला लटकलेली हिमनदी, थोडा वेळ बसलात तर बर्फ कोसळताना दिसतो, आवाज नंतर येतो, ढगांच्या गडगडाटासारखा. माझं मत विचाराल तर आईंना इथपर्यंत नक्की न्या आणि इथे भरपूर वेळ द्या. ब्रिटानिको अजून साडेतीन किमी वर आहे, त्यातला शेवटचा चढ दगडांचा आणि खडा आहे, शिवाय ठरलेल्या वेळेनंतर रेंजर वर सोडत नाहीत. फ्रान्सेसवरूनच परत फिरलात तर कुएर्नोसपर्यंतचा दिवस 17 किमीचा होतो.

डोंगरवेडी:
+१, आणि ब्रिटानिको करायचंच असेल तर मुक्काम कुएर्नोसला न करता अलीकडे फ्रान्सेस कॅम्पला करा (पॉइंट वेगळा, हा खाली तलावाच्या बाजूला), इतालियानोपासून फक्त 2 किमी आहे, मग दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठाने निवांत चाला, मध्ये गोट्यांचा किनारा लागतो, पाणी इतकं निळं की खरं वाटत नाही.
बुकिंगचं आत्ताच बघा! ट्रेकवरचे मुक्काम दोन कंपन्यांकडे आहेत: पाइने ग्रांदे आणि ग्रे एका कंपनीकडे, फ्रान्सेस, कुएर्नोस, चिलेनो दुसरीकडे, तारखा तुम्हालाच जुळवाव्या लागतात आणि मुक्कामाचं बुकिंग दाखवल्याशिवाय ट्रेकवर राहू देत नाहीत. शाकाहारी जेवण बुकिंग करतानाच सांगायचं, मिळतं. घरून खाऊ नेणार असाल तर सँटियागोला उतरल्यावर फॉर्मवर सगळं लिहा, लाडू, चिवडा, मसाले सगळं. ताजी फळं, बिया, मध यांवर ते फार काटेकोर आहेत, लपवलं तर दंड होतो.

पाऊलवाट:
खूप आभार दोघांचे! मग फ्रान्सेस पॉइंटपर्यंतच जाऊ, मुक्काम कुएर्नोसलाच ठेवते. उंचीचा त्रास होतो का तिथे?

रानवारा:
उंचीचा अजिबात नाही, ब्रिटानिकोसुद्धा हजार मीटरच्या आत आहे. त्रास वाऱ्याचा. जानेवारीत वारा जोरात असतो, नॉर्डेनशोल्डच्या काठाने तर माणूस ढकलला जातो, म्हणून काठ्या दोन्ही हातात हव्यात आणि झोत आला की खाली बसायचं, आईंना हे आधीच सांगून ठेवा. पाँचो, छत्री नेऊ नका, अंगाबरोबरचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि सॅकच्या आत प्लास्टिकची मोठी पिशवी. उजेड रात्री दहापर्यंत असतो त्यामुळे उशीर झाला तरी घाई करू नका. आणि पुदेतोहून पाइने ग्रांदेला जाणाऱ्या कॅटामरानच्या (बोटीच्या) वेळा निघायच्या आदल्या दिवशी जवळच्या पुएर्तो नातालेस गावात परत एकदा विचारून घ्या, वारा फार असला की बोट थांबवतात.